सुट्टीत पाहुणे गावी आले की वावरात (शेतात) रोडग्याचा बेत कसा जमवायचा (सविस्तर)

नाताळाच्या सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईकडची, नागपूरची मंडळी गावी येते. कॉन्व्हेंटच्या पोरांना २५ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी, नोकरीवाल्यांच्या वर्षभराच्या रजा संपवायच्या राहिलेल्या, अन् घर एकदम भरून जाते. पहिला दिवस गप्पांत जातो, दुसऱ्या दिवशी पोट्टे मोबाइल घेऊन गच्चीवर चढतात कारण रेंज तिथंच येते, अन् तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतेच, चला ना वावरात रोडगे करू. रोडगे म्हणजे जाड्या गव्हाच्या कणकेचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले गोळे.

इथून पुढे बिघडते. अकरा वाजता निघतात, वावरात गेल्यावर कळते की गोवऱ्या ओल्या आहेत, माचिस कोणीच आणली नाही, दाळ शिजून नाही राहिली, बाया धुरात डोळे पुसत भाजी करतात, पुरुष मंडळी धुऱ्यावर (बांधावर) सतरंजी टाकून राजकारण करतात, अन् चार वाजता अर्धकच्चे रोडगे पोटात ढकलून सगळे घरी येतात. मग रात्री ओवा-सोडा.

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडे हा बेत दर हिवाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या वावरात असतोच, त्यामुळे काय केलं की जमते हे सगळं एका ठिकाणी लिहून काढतोय. हिशेब दहा-बारा माणसांचा धरला आहे, जास्त असतील तं त्या मानाने वाढवा. एक गोष्ट आधीच सांगतो, रोडग्याच्या बेतात स्वयंपाक नंतर येतो, आधी आर, म्हणजे गोवऱ्यांचे धगधगते निखारे, येतो. ज्याचा आर चांगला पडला त्याची पंगत वेळेवर बसली, बाकी मीठ-मिरचीचं कमीजास्त कोणी मनावर घेत नाही.

दिवस कोणता धरायचा

वेचणीच्या दिवसात वावरात काम चालू असते, तुमची सुट्टी आहे म्हणून कापसाला सुट्टी नसते. सगळ्यात सोपं म्हणजे गावच्या आठवडी बाजाराचा दिवस धरा. त्या दिवशी वेचणीला बाया येत नाहीत, आठवड्याचा चुकारा हातात आलेला असतो अन् त्यांना बाजार करायचा असतो, म्हणून वावर मोकळं मिळते. दुसरा दिवस धरला अन् वेचणीवाल्या आल्या तं त्यांची माणसं हिशेबात धरूनच पीठ घ्या. माणसं राबून राहिली अन् मालकाच्या घरचे बाजूला बसून जेवून राहिले हे बरं दिसत नाही, अन् पोरांनी ते पाहू नये.

डिसेंबरचा शेवटचा हप्ता ते संक्रांत हा काळ चांगला. तुरीच्या शेंगा भरलेल्या पण हिरव्या असतात, म्हणजे सोले (तुरीचे हिरवे दाणे) मिळतात. हरभरा अजून लहान असतो, त्याचे घाटे जानेवारीत भरतात, त्यामुळे डिसेंबरात होळ्याचा (भाजलेल्या घाट्यांचा) हट्ट धरू नका, पण कोवळे शेंडे खुडून घोळाना मस्त होतो. बारीक चिरलेला पाला, कांदा, हिरवी मिरची, मीठ, वरून कच्चं तेल, झाला घोळाना. वरूड-मोर्शीकडचे असाल तं आंबिया बहाराची शेवटची संत्री पण झाडावर असू शकतात, पोट्ट्यांचं काम तिथंच होऊन जाते.

थंडीचं सांगतो. पुण्याहून आलेले लोक म्हणतात, विदर्भात कसली थंडी, तिथं तं ऊन असते. २०१८ च्या डिसेंबरात शेवटी शेवटी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. सकाळी वावरात लवकर जाणाऱ्यांनी कानटोपी घालूनच जा. दुपारी मात्र ऊन चटकते, म्हणून सावलीची जागा लागतेच.

जागा अन् पाणी

झाड असलेली, मोकळी, गवत नसलेली जागा पाहा. आधीच्या खळ्याची जागा असली तं उत्तम, जमीन ठोकून बसलेली असते. वारा कुठून येऊन राहिला ते मूठभर माती वरून सोडून पाहा, अन् ज्या बाजूला ठिणगी जाईल त्या बाजूला फुटलेली पऱ्हाटी (कपाशी), वाळलेली तूर, कुटाराचा (भुशाचा) ढीग काहीच नको. फुटलेल्या बोंडावर एक ठिणगी पडली की पळायला वेळ राहत नाही. निंबाच्या, बाभळीच्या खाली बसा पण आर मात्र झाडापासून आठ-दहा पावलं लांब करा, नाही तं वरचा पाला होरपळतो अन् आबाजी (आजोबा) दिवसभर बोलतात.

पाण्याचं लोक विसरतात. आमचा पट्टा खारपाणाचा, पूर्णेच्या आजूबाजूला दर्यापूर, अकोला, शेगावकडे जमिनीतलं पाणीच खारट. त्या पाण्यात दाळ शिजत नाही, चहा फाटल्यासारखा होतो अन् भाजीला मीठ किती टाकायचं याचा अंदाज चुकतो. तुम्ही खारपाणपट्ट्यातले असाल तं पिण्याचं अन् स्वयंपाकाचं पाणी नळाचं, घरूनच न्या, दहा-बारा माणसांना दोन मोठ्या कॅन लागतात, हात-भांडे धुवायला वेगळं. गोड पाण्याची विहीर असली तरी लाईनचं विचारून घ्या, शेतीपंपाची लाईन कधी दिवसा असते कधी रात्री, तुम्ही पोहोचले अन् मोटर बंद, असं होते.

आता हे नीट वाचा. वावरातल्या कोपीत (झोपडीत) ज्या रिकाम्या बाटल्या-डबक्या पडलेल्या असतात त्या फवारणीच्या असतात. कितीही धुतल्या तरी त्यात पाणी भरायचं नाही, पोट्ट्यांच्या हाती तं द्यायच्याच नाहीत. अन् तुरीच्या शेंगा तोडायच्या आधी फवारा कधी मारला ते विचारा. शेंगा भरायच्या वेळेलाच अळीचा फवारा असतो, अन् शहरातली पोरं सरळ झाडावरून तोडून तोंडात टाकतात. नुकताच फवारा झाला असला तं त्या वावरातल्या शेंगा खायच्याच नाहीत, दुसऱ्याच्या मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी अन् मजूर गेले, म्हणून हे दोनदा सांगतो.

बायकांच्या सोयीचं पण आधीच ठरवा. शहरातून आलेल्या सुना अन् मोठ्या पोरी याच्यामुळंच दिवसभर पाणी पीत नाहीत अन् संध्याकाळी डोकं धरून बसतात. जवळ कोणाचं घर असलं तं विचारून ठेवा, नाही तं कोपीच्या मागे दोन बल्ल्यांना जुनी साडी बांधा अन् बादलीभर पाणी ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आदल्या दिवशीची कामं

गहू जाडे दळून आणा. चक्कीवाल्याला "रोडग्याचं" म्हटलं की त्याला कळते. पोळीच्या बारीक कणकेचे रोडगे आतून चिकट होतात. एक किलो पिठात मध्यम मोसंबीएवढे बारा-तेरा रोडगे होतात, मोठं माणूस दोन खाते, पोरगं एक, अन् उद्यासाठी पाच-सहा उरलेच पाहिजेत, म्हणून दहा-बारा माणसांना दोन किलो पीठ बरोबर पडते. काही जण किलोमागे पावभर मक्याचं पीठ घालतात, त्याने खुसखुशीतपणा येतो. मला साध्या गव्हाचेच आवडतात.

गोवऱ्या पहिले घरी पहाडासारख्या रचलेल्या असायच्या, आता ट्रॅक्टर आल्यापासून ढोरं कमी झाली अन् गोवऱ्या विकत घ्याव्या लागतात, गावात कोणी ना कोणी शेकड्याने विकतेच. पंचवीस रोडग्यांना साधारण चाळीस मोठ्या गोवऱ्या लागतात, दहा जास्तीच्या घ्या. दोन गोवऱ्या एकमेकींवर आपटून पाहा, खणखण वाजल्या तं वाळलेल्या, भद्द आवाज आला तं आतून ओल्या. ओल्या गोवऱ्यांचा धूर सरत नाही अन् तो वास रोडग्याला लागतो. एक दिवस उन्हात टाकल्या की काम होते. मोडून पण पाहा, हल्ली ढोरांच्या पोटात पन्नी (प्लास्टिकची पिशवी) जाते अन् ती गोवरीत येते, तशी गोवरी बाजूला काढा.

बाकी सामान एका टोपल्यात भरून ठेवा: फल्लीचं (शेंगदाण्याचं) नाही तं सोयाबीनचं तेल एक किलो, घरचं तूप जेवढं असेल तेवढं, वांगी दोन किलो, आलू एक किलो, कांदे, लसूण, आलं, सुकं खोबरं, तीळ, काळा मसाला, तिखट, हळद, मीठ, ओवा, जिरं, सांबार (कोथिंबीर), हिरव्या मिरच्या, गूळ, तुरीची दाळ अर्धा किलो. भांड्यांत कोपर (परात), मोठा गंज (पातेलं), लोखंडी कढई, सराटा (उलथणं), लांब चिमटा, पावडं (फावडं), खलबत्ता. अन् दोन माचिसा, एक खिशात एक टोपल्यात. सुती जुनं धोतर नाही तं जाडी चादर विसरू नका, ती कशाला ते पुढे सांगतो.

कामं कोणाला द्यायची

रोडगे भाजणं हे पुरुषांचं काम अशी आपल्याकडे रीत आहे, मारोतीच्या पंगतीला तं पुरुषच करतात. पण घरच्या बेताला होते काय की पुरुष आराजवळ बसतात अन् पहाटे चारपासून मसाला वाटणं, दाळ निवडणं, डबे भरणं हे सगळं बायांच्या डोक्यावर. वर्षभर जी घरात रांधते तिची पण सुट्टीच आहे ना बाप्पा. म्हणून स्पष्ट वाटून टाका. कणीक मळणं जावयाकडे द्या, घट्ट कणकेला जोर लागतो अन् जावयाला नाही म्हणता येत नाही. भाजी दोघा भावांकडे. वरण घरूनच शिजवून न्या, वावरात फक्त फोडणी, हे मी आग्रहाने सांगतो कारण अर्ध्या पंगती दाळीपायी अडतात.

पोट्ट्यांना खरं काम द्या, खेळण्यातलं नको. रानगोवऱ्या वेचून आणणं, चुलीला तीन सारखे दगड शोधणं, शेंगा सोलून वाटीभर सोले काढणं, अन् सगळ्यात मोठ्या पोरीकडे माणसं मोजून पत्रावळी मांडणं. पळसाची पानं जवळ असली तं आणायला सांगा, पानगे करता येतात. तीच कणीक थोडी सैल करून दोन पानांमध्ये थापायची अन् निखाऱ्यावर दोन्हीकडून भाजायची, रोडग्याच्या कितीतरी आधी तयार होतात, लहान पोरांची भूक तेवढ्यात भागते.

म्हाताऱ्या माणसांना घरी ठेवून जाऊ नका. गुडघे दुखतात म्हणतील, नाही म्हणतील, त्यांना बंडीत (बैलगाडीत) नाही तं ऑटोत बसवून न्या, एक प्लास्टिकची खुर्ची न्या, अन् आराची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. घरात जो माणूस टीव्हीसमोर गप्प असतो तो इथं सगळ्यांना कामाला लावते.

आर पाडणं

दोन माणसं सगळ्यांच्या आधी, नऊच्या सुमारास गोवऱ्या घेऊन जातील असं करा. बाकीची मंडळी चहापाणी करून दहापर्यंत आली तरी चालते.

जमीन झाडून साफ करा, पोरांच्या हाताने चार बादल्या पाणी आजूबाजूला शिंपडून घ्या. तीन-चार फूट रुंद गोल धरा. मधात तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) अन् काडीकचरा ठेवा, त्याच्याभोवती गोवऱ्या उभ्या, एकमेकींना टेकवून लावा, खाली हवा जायला हवी. त्यावर दुसरा थर तिरपा. पालथ्या एकावर एक रचल्या तं मधात पेटतच नाही. पेटवायला कापराच्या दोन वड्या नाही तं वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या घ्या. रॉकेल, पेट्रोल बिलकुल नको, त्याचा वास शेवटपर्यंत जात नाही अन् पेट्रोलचा भडका कोणाचं तोंड पाहत नाही.

आता थांबा. पहिले पांढरा घट्ट धूर येईल, मग जाळ होईल, मग जाळ बसेल. पाऊण तास ते एक तास लागतो. या वेळात उकरायचं नाही. धूर पूर्ण गेला, गोवऱ्या आतून लाल अन् वरून राखाडी झाल्या, हात एक फुटावर नेला तं दोन-तीन सेकंदांच्या वर ठेववत नाही, असं झालं की आर तयार. धूर असतानाच रोडगे टाकणारे लोक पाहिले आहेत, त्यांचे रोडगे बाहेरून काळे अन् चवीला कडू लागतात.

कणीक अन् रोडगे

गोवऱ्या पेटल्या की लगेच कणीक घ्या. दोन किलो पिठाला पावभर तेल, कडकडीत नाही पण चांगलं गरम, वरून मीठ, दोन चमचे ओवा, जिरं, थोडी हळद, चिमूटभर सोडा. सोडा नको असला तं वाटीभर दही. तेल पिठाला चोळून चोळून लावायचं, मुठीत दाबलं की पिठाचा लाडू व्हावा अन् बोटाने ढकलला की फुटावा, एवढं मोहन पाहिजे. मग पाणी थोडं थोडं करत घट्ट मळा. पुरीच्या कणकेसारखी घट्ट. ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवा, जाड्या पिठाला पाणी प्यायला वेळ लागतो.

रोडग्याला पुडं (पदर) सुटले पाहिजे, तीच त्याची खरी गोष्ट. गोळा करून सरळ आरात टाकला तं ती बाटी झाली. आपल्या पद्धतीत आधी लिंबाएवढी गोळी करायची, तिला तेलाचा हात लावायचा, वर कोरडं पीठ भुरभुरायचं, मग हातावर छोटी पोळी थापून त्यात ती गोळी गुंडाळायची अन् तोंड बंद करायचं. परत तेल, परत पीठ, परत पोळी. असे तीन थर. शेवटचं तोंड नीट मिटवा, उघडं राहिलं की राख आत जाते. वरून हात ओला करून गुळगुळीत करा. हे काम चार-पाच जणांनी गोल बसून करायचं, गप्पा याच्यातच होतात, अन् कोणाचा रोडगा कोणता ते ओळखू येते. मोठ्या माईचे सगळे एका मापाचे, पोट्ट्यांचे वाकडे-तिकडे.

आर तयार झाला की पावड्याने पसरवा, थोडे निखारे अन् गरम राख बाजूला ओढून ठेवा. रोडगे एकमेकांना न चिकटवता मांडा. पहिली दहा-बारा मिनिटं चिमट्याने फिरवत राहायचं, सगळ्या बाजूने कवच धरलं पाहिजे, बदामी रंग आला पाहिजे. ही दहा मिनिटं कोणी गेलं नाही पाहिजे, फोन आला तरी नाही. कवच धरलं की बाजूला काढलेली राख अन् निखारे वरून पसरवा, रोडगे पूर्ण झाकून टाका. झाकल्यावर पस्तीस-चाळीस मिनिटं. मधात एकदा एखादा काढून पाहा, वरून टिचकी मारली की पोकळ आवाज येते, अंगावर तडा गेलेला असतो, अन् सायकलचा धुतलेला स्पोक आत घातला तं कोरडा निघते.

तो मधला तास

याच वेळात पोरं सगळ्यात जास्त कटकट करतात अन् याच वेळात आराजवळ जाऊन भाजतात. राखेने झाकलेला आर थंड दिसतो पण खाली निखारे असतात. चपला घालूनच फिरायचं, नायलॉनचं स्वेटर अन् ओढण्या लांब. भाजलंच तं साधं गार पाणी वीस मिनिटं सोडा, टूथपेस्ट, हळद, तेल काही लावू नका, फोड मोठा असला तं सरळ दवाखाना.

माझा पुण्याचा पुतण्या, तिसरीतला, गेल्या हिवाळ्यात आराच्या कडेला उकिडवा बसून होता. दर दोन मिनिटांनी, "आबाजी, झाले का? आबाजी, अजून किती?" आबाजींनी चिमट्याने राखेवर एक रेघ ओढली अन् म्हणाले, "तुले भूक लागली का कटाळा आला, हे पहिले ठरव." पोरगं खरंच विचारात पडलं. मग म्हणालं, "कंटाळा." "मंग जाय, त्या बोरीखालची बोरं वेचून आण. भूक लागली असती तं पानगा देला असता." पोरगं पळत गेलं, अन् अर्ध्या रस्त्यातून वापस येऊन म्हणते, "आबाजी, भूक पण लागली." एवढ्या वर्षांत आबाजींना तसं हसताना मी कमीच पाहिलं आहे.

तर या तासासाठी काही आणायची गरज नाही. निंबाच्या फांदीला दोर बांधून झोका करा. विटी-दांडू येत नसला तं मोठ्यांनी खेळून दाखवा, आधी त्यांचीच दमछाक होते. वावराला काय नाव आहे ते आबाजींना विचारायला लावा, प्रत्येक वावराला नाव असते, बाभळीचं, नाल्याचं, इनामाचं, अन् त्यामागं काहीतरी भानगड असते, कोणाचं भांडण, कोणाचं लग्न, कोणी गहाण टाकलं अन् कोणी सोडवलं. हे सातबाऱ्यावर सापडत नाही. ब्लूटूथचा स्पीकर घरी ठेवला तं बरं, माझं ऐकाल तं.

भाजी

भाजीवर मी फार लिहीत नाही, घरोघरी हात वेगळा असतो. फक्त दोन-तीन गोष्टी. वांगी देठासकट, चार चिरा देऊन, मिठाच्या पाण्यात. कांदे अन् खोबऱ्याची वाटी सरळ निखाऱ्यावर भाजा, काळी सालं काढा, अन् लसूण, आलं, तीळ घालून खलबत्त्यात कुटा. तेल सढळ हाताने, तर्री आल्याशिवाय रोडग्याला मजा नाही. आधी मसाला तेल सुटेपर्यंत, मग आलू, मग वांगी, पाच मिनिटांनी सोललेले सोले, मग गरम पाणी. गार पाणी टाकलं तं तर्री बसते. वांगं देठाजवळ मऊ झालं की उतरवा, वरून सांबार. पोरांसाठी तिखट टाकायच्या आधी एक वाटी वेगळी काढायची राहून जाते, ते लक्षात ठेवा.

ठेचा म्हणजे मिरच्या अन् लसूण निखाऱ्यावर भाजून जाड्या मिठात कुटलेला. चमचाभरच वाढा, पाहुणे रडतात.

वाढणं

आता ते धोतर काढा. रोडगे राखेतून काढून धोतरात टाका, दोघांनी दोन टोकं धरून झुलवत घुसळा. राख खाली गळते, रोडगे एकमेकांवर घासून स्वच्छ होतात. हे काम पोट्ट्यांना फार आवडते, एकेका टोकाला दोघं-दोघं लावा. मग एकेक फडक्याने पुसायचा.

पहिला रोडगा, त्यावर तूप-गूळ, धुऱ्यावरच्या देवाला. मुंजा असो, मारोती असो, नुसता शेंदूर लावलेला दगड असो. दुसरा बैलाला. मग लहान पोरं अन् म्हातारी माणसं एका पंगतीत, वाढायला पुरुष. बाया दुसऱ्या पंगतीला बसल्या तं त्यांना वाढायला पण पुरुषच, हे आधीच कबूल करून घ्या.

रोडगा सुरीने कापायचा नाही. दोन्ही तळव्यांत धरून दाबायचा, तडा गेलेल्या जागेवरून तो उघडतो, आतून वाफ येते अन् पुडं एकेक सुटे होतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. बाहेरचा पुडा खरपूस, आतला मऊ. त्या वाफेवरच तूप सोडायचं, गार झाल्यावर तूप आत जात नाही, वरच बसते. अर्धा वरणात कुस्करून, अर्धा भाजीसोबत. शेवटी एक चतकोर गूळ-तुपात चुरून, पोट्ट्यांना तं तेवढंच आठवते.

अन् आलेला प्रत्येक माणूस पोटभर जेवला की बाजूच्या वावरातल्या राखणदाराला, अन् गावात जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वानोळा पाठवा. चार रोडगे अन् डबाभर भाजी. कोणाच्या घरी नुकतंच कोणी गेलं असलं, कोणाची सून बाळंत झाली असली, तिथं आधी. पोरांच्याच हाती पाठवा, त्यांना गावातली घरं माहीत होतात.

आवरणं अन् उरलेलं

आर तसाच सोडून यायचं नाही. राख उकरून दोन-तीन बादल्या पाणी टाका, परत उकरा, परत टाका, वरून माती. संध्याकाळी वारा सुटतो अन् गोवरीचा निखारा आत रात्रभर जिवंत राहतो. थंड झालेली राख थोडी घरी आणा, भांडी घासायला चांगली. पत्रावळी खड्ड्यात पुरा, पन्न्या अन् पाण्याच्या बाटल्या मात्र वेचून घरी आणा, ढोरं खातात. २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला गावात सगळे खराटा घेऊन फोटो काढतात, अन् आठ दिवसांनी त्याच गावच्या धुऱ्यावर द्रोण उडत असतात, असं नको.

अवकाळी आलं, डिसेंबर-जानेवारीत गारपीट पण होते, तं बेत मोडू नका, अंगणात पत्र्याखाली छोटा आर करा, थोड्या गोवऱ्यांच्या घमेल्यात सात-आठ रोडगे होतात. शहरात असाल तं ओव्हनला १८० अंशावर पस्तीस-चाळीस मिनिटं, मधात एकदा उलटे करून. धुराचा वास येणार नाही, पण पुडं सुटतात.

उरलेले रोडगे थंडीत दोन दिवस मस्त टिकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताने चुरून, कांदा, मिरची, फल्लीदाणे, कढीपत्त्याची फोडणी देऊन कुस्करा करा, कितीक लोक रोडग्यापेक्षा त्याचीच वाट पाहतात. ज्यांची रात्रीची ट्रॅव्हल्स आहे त्यांना बांधून द्यायचे असतील तं पूर्ण गार होऊ द्या, गरम डब्यात भरले तं घाम सुटून बुरशी धरते. सुती कपड्यात गुंडाळून वर कागद. सोबत ठेचा अन् गुळाचा खडा द्या. भाजी देऊ नका, तर्रीचा डबा बसमध्ये कोणाच्या ना कोणाच्या बॅगेत सांडतोच अन् मग वर्षभर ऐकावं लागते.